मावशींची वही

तिसऱ्या मजल्यावरील आमच्या घरापासून पहिल्या मजल्यावरील पाळणाघरापर्यंत छत्तीस पायऱ्या होत्या. १९९२ च्या मे महिन्यातील एका सोमवारी सकाळी आमची तीन महिन्यांची लेक दुपट्यात गुंडाळून आम्ही त्या पायऱ्या उतरलो, तिला एका परक्या बाईच्या हाती दिले आणि मागे न पाहता वसई रोड स्थानकाकडे चालू लागलो. मागे पाहिले असते तर त्या दिवशी आम्ही कामावर पोहोचलोच नसतो. बाळंतपणाची रजा संपली होती. गावाकडचे वडीलधारे शेती सोडून येणे शक्य नव्हते. दोघांच्या पगाराशिवाय घराच्या कर्जाचा हप्ता फिटणार नव्हता. अशा वेळी माणूस विश्वास ठेवतो, कारण विश्वास न ठेवणे त्याला परवडणारे नसते.

हे लिहिणारे आम्ही दोघे पतिपत्नी आहोत. आमच्यापैकी एकाची नोकरी राष्ट्रीयीकृत बँकेत होती, दुसऱ्याची सरकारी कार्यालयात. दोघेही आता निवृत्त आहोत आणि दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी दोघांचेही निवृत्तिवेतन खात्यात जमा होते. हा तपशील बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे सांगायचे आहे, त्यात तो महत्त्वाचा आहे.

ज्यांच्या हाती आम्ही लेक दिली, त्यांना सारी इमारत मावशी म्हणत असे. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण तसे त्यांनीच सांगितले आहे. मावशींचे यजमान लोअर परळच्या एका कापड गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांतील कित्येकांना गिरणीचे दार पुन्हा कधी उघडले नाही. त्या काळाचा इतिहास लिहिताना संघटना, मालक आणि सरकार यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. पगार थांबल्यावर त्या लाखो घरांतील चुली कोणी पेटत्या ठेवल्या, हे त्या मानाने कमी लिहिले गेले. कोणी खाणावळ चालवली, कोणी पापड लाटले, कोणी फॉल-बिडिंगची कामे घेतली. मावशींनी १९८६ मध्ये शेजारणीचे एक मूल सांभाळायला घेतले. मग दुसरे आले. आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा आठ मुले होती.

घर म्हणजे एक बाहेरची खोली, एक स्वयंपाकघर आणि हातभर रुंदीची गॅलरी. यजमानांना पुढे वसई पूर्वेच्या एका कारखान्यात रात्रपाळीची रखवालदारी मिळाली. त्यामुळे ते दिवसा झोपत, आणि तेही स्वयंपाकघरात, ओट्याखाली डोके घालून. बाहेरच्या खोलीत आठ मुले. कोणी रडू लागले की मावशी आधी मुलाकडे धावत आणि मग आतल्या दाराकडे भीतीने पाहत. त्यांचा स्वतःचा मुलगा दहावीचा अभ्यास जिन्यातील दिव्याखाली बसून करी. पाळणाघर हा शब्द किती गोड आहे! त्या घरात पाळणा मात्र एकही नव्हता. छताच्या कडीला बांधलेली जुन्या लुगड्याची झोळी होती, आणि ती एका वेळी एकाच मुलाला मिळे. बाकीची मुले सतरंजीवर, ओळीने.

पहिले मूल सकाळी सव्वासहाला येई. त्याची आई परिचारिका होती आणि तिची पाळी सातची असे. शेवटचे मूल रात्री आठ, साडेआठ, गाड्यांचा खोळंबा झाला तर नऊ वाजता जाई. बोरिवलीच्या पुढे तेव्हा दोनच रूळ होते. लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या त्यांवरूनच धावत. पावसाळ्यात कोठेही काही बिघडले की वसई-विरारची माणसे डब्यात उभ्या उभ्या पेंगत, आणि तेवढाच वेळ मावशींचा दिवस लांबत जाई. गाडीला उशीर झाला तर आमच्या कार्यालयात हजेरीपटावर लाल रेघ पडे. आमच्यामुळे मावशींना उशीर झाला तर ती रेघ कोठे पडत असे, हे आम्हांला फार उशिरा कळले.

आज त्यांच्या दिवसाकडे पाहिले म्हणजे प्रथम त्यांच्या शरीराचा विचार मनात येतो. दहा-बारा किलोचे मूल दिवसातून किती वेळा उचलावे लागत असेल? झोपवायला, धुवायला, भरवायला, भांडण सोडवायला. चाळिशीच्या आतच त्यांची कंबर गेली. दुपारी मुले झोपली म्हणजे त्याही झोपत असतील, असे आम्हांला वाटे. प्रत्यक्षात एकाच वेळी आठही मुले कधी झोपत नसत. एकदा त्यांना मुतखड्याचा त्रास झाला. पाणी भरपूर प्या, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा त्या आमच्यापैकी एकीला हळूच म्हणाल्या, "ताई, पाणी प्यायले की उठावे लागते. मुलांना कोणावर सोडून उठू?" दिवसभर त्या मोजके घोट घेत असत. इमारतीला पाणी टँकरने येई आणि आठ मुलांच्या लंगोटांना ते पुरत नसे. त्यांच्या पिण्यातील काटकसरीचे कारण आम्ही इतकी वर्षे तेच समजत होतो.

आणि एकटेपण. पाच वर्षांखालील आठ जीवांच्या घोळक्यात असलेल्या बाईला एकटी म्हणणे विचित्र वाटेल. परंतु सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत मोठ्या माणसाशी दोन वाक्ये बोलायची सोय नसणे, हेही एक प्रकारचे एकटेपणच. आम्हा पालकांशी त्यांचे बोलणे होई ते दारात, चपला पायांत असताना. "दूध प्यायली का? शी झाली का? ताप नाही ना?" त्यांना स्वतःला बरे आहे का, हे दारात उभे राहून कोणी विचारत नसे. सख्ख्या भावाच्या लग्नाला मावशी संध्याकाळी उशिरा, जेवणाच्या पंगती उठल्यावर पोहोचल्या. आम्हा चार पालकांना त्या दिवशी रजा मिळाली नव्हती. खरे म्हणजे आम्ही ती मागितलीच नव्हती.

आता पैशांचे. १९९२ मध्ये आम्ही महिन्याला ३०० रुपये देत होतो. आमची लेक दिवसाचे बारा तास त्यांच्याकडे असे, महिन्याचे चोवीस दिवस. म्हणजे २८८ तास. तासाला एक रुपया चार पैसे पडले. दिवसभर आकडेच पाहणाऱ्या आमच्यापैकी एकाने हा भागाकार तेव्हा कधी केला नाही. एका तासात एक कटिंग चहा यावा एवढ्या मोलात आमच्या पोटच्या गोळ्याला न्हाऊमाखू घातले जात होते, घास भरवला जात होता, पहिले पाऊल टाकायला शिकवले जात होते. हो, तिचे पहिले पाऊल मावशींनी पाहिले. मात्र त्यांनी ते आम्हांला सांगितले नाही. चार दिवसांनी रविवारी लेक आमच्यासमोर चालली, आणि आम्ही हर्षाने पहिल्या मजल्यावर धावत गेलो, तेव्हा मावशी म्हणाल्या, "अगो बाय, चाललीस!" त्यांचा आनंद इतका खरा होता की, ते पाऊल पहिले नव्हते, हे कळायला आम्हांला पुष्कळ वर्षे लागली.

आम्ही कमी का देत होतो? दुष्टपणाने नव्हे. सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य होते, तेच आमच्याही तोंडी होते: "त्या घरीच तर असतात." घरीच असणारी बाई काम करीत नाही, असली तर मदत करते, आणि मदतीचे मोल करायचे नसते, या तीन समजुती एकमेकींच्या आधाराने आमच्या मनात उभ्या होत्या. सोसायटीचा हिशेब मात्र उलटा होता. तिच्या लेखी मावशी व्यवसाय करीत होत्या, म्हणून पाण्याचा आकार त्यांना जास्त लागे. पैसे घेताना जो व्यवसाय ठरला, तो पैसे देताना शेजारधर्म ठरला. सोसायटीच्या त्या सभेत आम्ही दोघेही हजर होतो, आणि गप्प बसलो.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबई परिसरातील कोणी विसरणार नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या थांबल्या, दूरध्वनी लागेनासे झाले. आम्ही दोघे आपापल्या कार्यालयांत अडकलो. आमची लेक तेव्हा तेरा वर्षांची होती. पाळणाघर सोडून तिला तीन वर्षे झाली होती. घरात ती एकटी, वीज गेलेली. ती मेणबत्ती घेऊन छत्तीस पायऱ्या उतरली. तेथे सहा मुले आपल्या आईवडिलांची वाट पाहत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चिखलाने भरलेले घरी पोहोचलो, तेव्हा आमची लेक मांडीवर एका मुलाला थोपटत होती आणि मावशी भिंतीला टेकून, प्रथमच, बसल्या बसल्या झोपल्या होत्या. सदतीस तास त्या जाग्या होत्या. पुढच्या महिन्यात त्या रात्रीचे पैसे कोणी दिले असतील, असे आम्ही गृहीत धरले. कोणीच दिले नव्हते. संकटातील माणुसकीविषयी त्या वर्षी आपण सर्वांनी पुष्कळ वाचले. त्या माणुसकीचा खर्च कोणाच्या डब्यातील डाळतांदळाने भागवला, हे वाचल्याचे आम्हांला आठवत नाही.

मार्च २०२० मध्ये लोकल गाड्या बंद झाल्या आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी आली. मावशींकडे तेव्हा सात मुले होती. त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या, यजमान २०११ मध्येच गेले होते, मुलगा नालासोपाऱ्यात रिक्षा चालवी आणि ती रिक्षाही आता उभी होती. एप्रिलचे पैसे दोन कुटुंबांनी दिले. मेपासून तेही थांबले. तरुण आईबाप घरी बसून संगणकावर काम करीत होते, त्यांचे पगार चालू होते, परंतु मूल मावशींकडे जात नव्हते. मूल नाही, म्हणून पैसे नाहीत.

जून महिन्यात, तोंडाला फडके बांधून, आम्ही धान्याची पिशवी घेऊन खाली गेलो. दारातच बसलो. मनात संताप होता आणि तो आम्ही बोलून दाखवला. "काय ही माणसे, मावशी! स्वतःचा पगार एक दिवस चुकला नाही, आणि तुमचे पैसे बंद! माणुसकी म्हणून काही उरली नाही."

मावशी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मूल नाही तर पैसे नाहीत, हा नियम त्यांनी नाही केला, ताई. तो जुनाच आहे. तुम्हीपण मे महिन्याचे अर्धेच देत होतात."

आम्ही चपापलो. खरे होते. दर मे महिन्यात पंधरा दिवस आम्ही गावी जात असू आणि येताना मावशींसाठी फणस, नाही तर आंबे आणीत असू. त्या पंधरा दिवसांचे पैसे मात्र कापून घेत असू. लेक त्यांच्याकडे नव्हती, मग पैसे कशाचे? बँकेने आमच्या रजेचा पगार कापला असता, तर आम्ही संघटनेकडे धाव घेतली असती.

आमचा चेहरा पाहून मावशींनाच वाईट वाटले असावे. "बोलू नये ते बोलले," असे म्हणत त्या उठल्या आणि कपाटावरची पत्र्याची पेटी त्यांनी खाली काढली. आत वह्या होत्या, शाळेतल्या, दोनशे पानी, एकोणतीस. कोण किती वाजता आले, किती वाजता गेले, कोणाला किती दूध, कोणाला ताप, औषधाची वेळ, आणि महिन्याच्या शेवटी पैसे. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचे ते अक्षर रेखीव होते. आमच्या नावासमोर नऊ वेळा "अर्धा महिना" लिहिलेले होते. १९९३ मध्ये १५० रुपये, २००१ मध्ये ४००. नऊ मे महिन्यांचे मिळून २,२५० रुपये. त्यांनी ती बेरीज केलेली नव्हती. ती आम्ही केली.

पुढच्या रविवारी पाकिटात पैसे घालून आम्ही पुन्हा खाली गेलो. आमच्यापैकी एकाने सवयीप्रमाणे त्यावर व्याजही काढले होते. मावशींनी नोटा मोजल्या, २,२५० ठेवून घेतले आणि उरलेले परत केले. "व्याज कशाला? मी काय बँक आहे?" असे म्हणून त्या हसल्या. मग त्यांनी चालू वही उघडली, तारीख घातली आणि लिहिले: "मे, नऊ वर्षे. जमा." आम्ही भिक्षा घालायला आलो नव्हतो आणि त्यांनी ती घेतली नाही. येणे होते, ते आले, एवढेच.

त्यानंतर आम्ही कायद्यांच्या आणि योजनांच्या पाठीमागे लागलो. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि कागद वाचणे हाच आमचा जन्मभराचा धंदा होता. मावशींसारख्या बाईला सरकारदरबारी काय मिळू शकते, हे पाहावयाचे होते.

एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले, तेव्हा राज्य शासनाने नोंदणीकृत घरेलू कामगारांना, फेरीवाल्यांना आणि रिक्षाचालकांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. घरेलू कामगार म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाऊन काम करणारी बाई. मावशी तर स्वतःच्या घरात काम करीत होत्या, दुसऱ्यांची मुलेच त्यांच्या घरी येत होती. म्हणजे त्या यादीत त्या नव्हत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम सुरू झाले. वयाची अट १६ ते ५९. मावशी पासष्टच्या होत्या. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रिया ठरावीक संख्येहून अधिक असतील, तेथे पाळणाघर सक्तीचे केले होते. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्वाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील त्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी आली. या तरतुदी चांगल्या आहेत. परंतु त्या कामावर जाणाऱ्या आईच्या आहेत. ती आई ज्या दारात मूल ठेवून जाते, त्या दाराच्या आतली बाई त्यांत नाही.

आपल्या भागाला या विषयाची परंपरा नाही, असे मुळीच नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा विचार त्या दोघींनी याच किनारपट्टीवर राबवला. पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. परंतु अंगणवाडी काही तासांची असते, लोकलने जाणाऱ्या आईचा दिवस बारा तासांचा. शिवाय अंगणवाडी सेविकेलाही आपण वेतन देत नाही, मानधन देतो. या शब्दात मान आधी येतो आणि धन मागाहून, तेही थोडे. आपल्याला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यायला त्यांना एप्रिल २०२२ पर्यंत थांबावे लागले. तरीही त्यांच्यासमोर सरकार नावाचा कोणीतरी होता, ज्याच्या दारात त्या बसू शकत होत्या. मावशींनी कोणाच्या दारात बसावे? त्यांचा मालक कोण?

या प्रश्नाशी आम्ही बरेच दिवस अडखळलो. उत्तर सोपे होते, म्हणूनच ते टाळत होतो. मालक आम्हीच होतो. आठ कुटुंबे, प्रत्येक जण एक अष्टमांश मालक. एवढा लहान वाटा असला की कोणालाच आपण मालक आहोत असे वाटत नाही. आठ जण मिळून एका बाईला सुट्टीशिवाय, आजारपणाशिवाय, म्हातारपणाच्या तरतुदीशिवाय चौतीस वर्षे राबवू शकतात, आणि आठही जण रात्री शांत झोपू शकतात.

आमची लेक आता इंग्लंडमध्ये असते. तिचे दोन वर्षांचे मूलही एका बाईच्या घरीच असते. त्या देशात घरी मुले सांभाळणाऱ्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ मध्येच झाला, ज्या वर्षी आपला कारखाना कायदा झाला त्याच वर्षी. आठ वर्षांखालील मुले एका वेळी सहांहून अधिक घेता येत नाहीत, आणि तपासणी होते. लेकीने त्या बाईंशी लेखी करार केला आहे. वर्षाची रजा ठरलेली आहे, आणि मूल घरी राहिले तरी पैसे द्यावे लागतात. न्यायला उशीर झाला, तर दर पंधरा मिनिटांना ठरावीक रक्कम. फ्रान्सने १९७७ मध्ये अशा स्त्रियांना कायद्याने पगारदार कामगाराचा दर्जा दिला. तिकडे सर्व आलबेल आहे, असे मात्र समजू नये. इंग्लंडमध्ये २०१२ नंतरच्या सुमारे दहा वर्षांत नोंदणीकृत बायांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. कागद वाढले, मिळकत पुरली नाही, बाया काम सोडून गेल्या. नुसत्या नोंदणीने पोट भरत नाही. पण निदान तेथे हे काम आहे, एवढे तरी मान्य झाले आहे.

आमच्या इमारतीत आता दुसऱ्या मजल्यावर एक तरुण बाई मुले सांभाळते. पाच मुले आहेत. गेल्या वर्षी त्या पाच कुटुंबांना एकत्र बसवून आम्ही चार गोष्टी मान्य करून घेतल्या. मूल आले नाही तरी महिना पुरा द्यायचा. वर्षातून पंधरा दिवस पगारी सुट्टी, आणि त्या दिवसांत पालकांनी आळीपाळीने रजा घ्यायची. दुपारी एक तास कोणीतरी आजी-आजोबांनी मुलांजवळ बसायचे, म्हणजे त्या बाईला जेवता येईल, पाणी पिता येईल. तो तास बहुतेक दिवशी आमच्याकडे असतो. आणि प्रत्येक कुटुंबाने दरमहा थोडी रक्कम तिच्या म्हातारपणासाठी वेगळी द्यायची. ती चाळिशीच्या आत असल्याने तिला अटल पेन्शन योजनेत खाते उघडता आले. यासाठी कायद्याची वाट पाहावी लागली नाही. एका बैठकीचे आणि दोन कप चहाचे काम होते. ते आम्ही १९९२ मध्ये का केले नाही, याचे उत्तर आमच्याजवळ नाही. वाचकांपैकी ज्यांचे मूल आज कोणा मावशीकडे आहे, त्यांनी आपापला भागाकार एकदा जरूर करून पाहावा.

हा लेख लिहावयाचे ठरल्यावर आम्ही मावशींकडे त्या वह्या मागितल्या. त्या आता मुलाकडे नालासोपाऱ्याला राहतात. कमरेमुळे फारसे चालवत नाही. त्यांनी पेटीच हवाली केली. आठवडाभर आम्ही ती पाने वाचत होतो. १९९४ च्या वहीत आमच्या लेकीच्या नावासमोर एक नोंद वारंवार आढळली: "वर गेले ७.२०. खाली आले ८.००." कधी पंचवीस मिनिटे, कधी चाळीस.

प्रथम उलगडा होईना. मग झाला. स्थानकावरून येताना आम्ही भाजी घेत असू. लेक कडेवर आली की दोन्ही हात अडकतात, म्हणून आधी तसेच वर जायचे, पिशव्या ठेवायच्या, हातपाय धुवायचे, निवांत चहा घ्यायचा आणि मग तिला आणायला खाली जायचे. दिवसभरातील तेवढीच आमची अर्ध्या तासाची विश्रांती. मावशींना कळत नसेल, असे आम्ही समजत होतो. जिना तर त्यांच्या दारावरूनच जात होता.

मागच्या महिन्यात वह्या परत करायला गेलो, तेव्हा खाली मान घालून विचारले, "मावशी, हे का लिहून ठेवत होतात? उशिराचे पैसे लावायचे होते का?"

"छे हो," त्या म्हणाल्या. "बायला तुमची पावले ओळखू यायची. पावले वर गेली की ती उठून दाराशी जाऊन बसायची. काही केल्या हलायची नाही. किती वेळ बसली, ते लिहायचे. वाटायचे, कधीतरी तुम्हांला सांगावे. पण तुम्ही दमून आलेले असायचात."

१९९४ च्या त्या वहीत अशा नोंदी एकशे बारा आहेत. एकीच्याही पुढे रक्कम लिहिलेली नाही.